मोबाईलच्या व्हिडिओपासून प्लेअरवर चालणारी डीव्हीडी: सात महिन्यांच्या वापरानंतर

डीव्हीडीस्टायलर, एफएफएमपेग आणि इमेजबर्न या तीन फुकट प्रोग्रॅमवर सात महिने घरगुती शूटिंगच्या डीव्हीडी काढल्यानंतरचा हा अनुभव आहे. लग्न, मुंज, शाळेचं स्नेहसंमेलन, भजन असं सगळं त्यात आलं. निकाल आधीच सांगतो. टीव्हीखाली ठेवलेल्या साध्या प्लेअरवर चालणारी डिस्क काढायला हे त्रिकूट आजही पुरेसं आहे आणि विकतच्या पॅकेजची गरज पडत नाही. अट एकच: तिघांनी आपापलंच काम करायचं. कन्व्हर्ट एफएफएमपेगने, मेन्यू आणि चॅप्टर डीव्हीडीस्टायलरने, राइट इमेजबर्नने. डीव्हीडीस्टायलर एकटाही सगळं करतो, पण त्याच्या एका बटणावर सोपवलं की गडबड कुठे झाली ते शोधता येत नाही. बहुतेक वेळा 'डिस्क खराब निघाली' म्हणतो तेव्हा डिस्क ठीकच असते. बिघाड राइट करण्याच्या आधीच फाईलमध्ये शिरलेला असतो.

आधी एक गैरसमज काढू. एमपी४ फाईल डिस्कवर ओढून टाकली की डेटा डिस्क होते, डीव्हीडी-व्हिडिओ नाही. काही प्लेअर ती चालवतात, जुने 'नो डिस्क' दाखवून मोकळे होतात. सगळीकडे चालायला हवी तर व्हिडिओ एमपेग-२, पाल म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत ७२० × ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं), आवाज ४८ किलोहर्ट्झचा, आणि हे सगळं व्हिडिओ_टीएस फोल्डरमध्ये आयएफओ, बीयूपी, व्हीओबी फाईलींच्या रूपात बसलेलं लागतं. हँडब्रेक हा फुकट कन्व्हर्टर इथे कामाचा नाही, तो एमपी४, एमकेव्ही आणि वेबएम एवढंच बनवतो. विंडोज ७ मध्ये असलेला डीव्हीडी मेकर विंडोज ८ पासून काढून टाकला, त्यामुळे घरातल्या कॉम्प्युटरवर आयतं काही उरलेलं नाही.

सर्वात जास्त डिस्क वाया जातात त्या फ्रेम रेटपायी. मोबाईल ३० फ्रेम म्हणतो, पण ते ३० पक्के नसतात. मांडवात उजेड कमी झाला की बरेच फोन प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ उजेड मिळावा म्हणून वेग २४-२५ वर आणतात आणि बाहेर उन्हात आलं की परत ३० करतात. फाईलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये फाईल उघडली तर फ्रेम रेट मोडपुढे 'व्हेरिएबल' (बदलता) लिहिलेलं दिसतं. अशी फाईल तशीच पुढे ढकलली की सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात आणि अर्ध्या तासानंतर मंगलाष्टक आधी संपतं, अक्षता मागून पडतात. उपाय एकच: एफएफएमपेगमध्ये पहिल्याच पायरीला फ्रेम रेट स्थिर करून घ्यायचा, कापाकापी आणि जोडणी त्यानंतर.

आता स्थिर करायचा तो किती? आपल्याकडे पाल, म्हणून सगळे डोळे झाकून २५ करतात. ३० चे २५ करताना दर सहावी फ्रेम टाकली जाते, म्हणजे सेकंदाला पाच झटके. माणूस उभा राहून बोलत असेल तर जाणवत नाही, पण कॅमेरा पंगतीवरून फिरवला की चित्र अडखळत जातं. म्हणून मोबाईलचं शूटिंग असेल तर मी सरळ एनटीएससी, म्हणजे अमेरिका-जपानकडच्या पद्धतीची, डिस्क करतो: ७२० × ४८० आणि २९.९७ फ्रेम. आपल्याकडे विकले गेलेले बहुतेक प्लेअर दोन्ही चालवतात. फक्त एका डिस्कवर दोन्ही पद्धती मिसळायच्या नाहीत. व्हिडिओ कॅमेऱ्याचं २५ किंवा ५० फ्रेमचं शूटिंग असेल तर पालच.

जुन्या कॅसेटवरून घेतलेलं फुटेज ही वेगळीच जात. ते इंटरलेस्ड असतं, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी आलटून पालटून असतात. एका क्षणाच्या ओळींचा संच म्हणजे एक फील्ड. डीव्हीडीला इंटरलेस्ड चालतं, तेव्हा डीइंटरलेस करू नका, आहे तसं ठेवा. पण फील्डचा क्रम बरोबर सांगा. डीव्ही कॅमेऱ्यातून फायरवायर केबलने घेतलेल्या फाईलमध्ये खालची फील्ड आधी असते. तिथे 'वरची आधी' निवडलं की चालणारा माणूस पुढे-मागे थरथरतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ही चूक लपून जाते आणि टीव्हीवर लगेच दिसते.

उभ्या धरलेल्या मोबाईलच्या व्हिडिओला दोन्ही बाजूंना काळी पट्टी देण्याशिवाय गत्यंतर नाही. चित्र आधी १०२४ × ५७६ मध्ये मावेल इतकं लहान करायचं, उरलेली जागा काळी करायची आणि मग सगळं ७२० × ५७६ मध्ये दाबून १६:९ ची खूण लावायची. एनटीएससीसाठी तेच ८५४ × ४८० धरून. खूण लावायची राहून गेली की सगळी माणसं उंच आणि कडकडीत बारीक दिसतात. रंगाचंही बघा. एचडी व्हिडिओचं रंगगणित बीटी.७०९ या मानकाचं, डीव्हीडीचं बीटी.६०१ चं. आकार लहान करताना हे बदलून घ्यावं लागतं, आपोआप होईल असं धरू नका. नाही केलं तर कुंकवाचा लाल आणि शालूचा हिरवा किंचित सरकतो, आणि ज्यांनी तो शालू पाहिलाय त्यांना ते कळतं. फोनमध्ये एचडीआर (उजेड-सावलीचा जास्त पल्ला टिपणारी सोय) चालू असेल तर रंग धुतल्यासारखे फिके येतात, तेव्हा शूटिंगच्या आधीच ते बंद करणं सोपं.

बिटरेटचं, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा खर्चायचा त्याचं, गणित पाठ असू द्या. डिस्कवर ४.७ जीबी छापलेलं असतं, विंडोज ते ४.३८ दाखवतं, जागा तीच. ३७,६०० ला एकूण सेकंदांनी भागा, म्हणजे मेगाबिटमध्ये एकूण बिटरेट आला. त्यातून चार टक्के चित्र-आवाज एकत्र बांधण्यासाठी आणि ०.१९२ आवाजासाठी वजा करा. दोन तासांच्या कार्यक्रमाला व्हिडिओसाठी ४.८ उरतात, दीड तासाला साधारण ६.५, तीन तासांना जेमतेम ३.१. एका तासाच्या व्हिडिओला गणिताने दहाच्या जवळ येतं, पण व्हिडिओची मर्यादाच ९.८ आहे, आणि घरी राइट केलेल्या डिस्कवर मी कमाल ८ च्या पुढे जात नाही. या डिस्कचा पृष्ठभाग छापील डिस्कइतका प्रकाश परतवत नाही. प्लेअरला काही जागा दोनदा वाचाव्या लागतात आणि तेवढ्यात बफर (प्लेअरमधला आगाऊ वाचलेला साठा) रिकामा होऊन चित्र थांबतं. तीन तास एका डिस्कवर कोंबण्यापेक्षा दोन डिस्क करा. हळदीचा, कमी उजेडातला भाग कण-कण दिसत असेल तर कन्व्हर्ट करताना हलका डीनॉइझ लावा, नाहीतर अर्धा बिटरेट ते कण रंगवण्यातच जातो. आणि टू-पास, म्हणजे फाईल दोनदा तपासून कन्व्हर्ट करण्याची पद्धत, वापरा. वेळ दुप्पट लागतो, पण फाईल सांगितलेल्या मापात बसते.

एफएफएमपेगला 'टार्गेट' म्हणून पाल-डीव्हीडी किंवा एनटीएससी-डीव्हीडी सांगितलं की बाकीची मापं, दर १५ किंवा १८ फ्रेमला नवी पूर्ण फ्रेम आणि पॅकेटचा आकार, हे सगळं तो स्वतः लावतो. आवाजाला मात्र एसी-३ या प्रकारात ४४८ किलोबिट देतो. स्टिरिओ भाषणाला ते फुकट जातात, १९२ पुरतात. तयार एमपीजी डीव्हीडीस्टायलरमध्ये टाकल्यावर त्या व्हिडिओच्या गुणधर्मांत फॉरमॅट 'कॉपी' आहे ना ते बघा. तिथे दुसरं काही राहिलं तर तो सगळं पुन्हा कन्व्हर्ट करतो. तास जातो आणि दर्जाही उतरतो.

मराठी माणसाला या सगळ्यात खरी ठेच लागते ती सबटायटलला. भजनाच्या ओळी खाली दाखवायच्या म्हणून एसआरटी (ओळी आणि त्यांच्या वेळा लिहिलेली साधी टेक्स्ट) फाईल लावली, प्लेअरवर सबटायटल उमटली, आणि 'विठ्ठल' मधली वेलांटी व सोडून पुढच्या ठ वर जाऊन बसली. 'ज्ञानोबा' मध्ये ज चा पाय मोडलेला आणि ञ सुटा. कारण असं: डीव्हीडीवर सबटायटल अक्षरं म्हणून नसतातच, ती चार रंगांची छोटी चित्रं असतात आणि ती चित्रं काढणारा भाग फॉन्टमधून एकामागे एक आकार उचलून ठेवतो. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी टाइप होते व्यंजनानंतर आणि दिसते आधी. जोडाक्षराचा तर आकारच वेगळा. हा फेर लावण्याची सोय तिथे नाही, म्हणून फॉन्ट बदलून काहीही होत नाही. मंगल लावा, निर्मला लावा, वेलांटी तिथेच.

म्हणून मराठी ओळी चित्रातच कोरून टाकायच्या. एफएफएमपेगचा सबटायटल फिल्टर ओळी रंगवायला लिबअ‍ॅस वापरतो, त्याला अक्षरांची जुळणी करणाऱ्या हार्फबझची जोड असते आणि जोडाक्षरं, वेलांट्या नीट लागतात. एसआरटी फाईल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलेली असावी, नाहीतर प्रश्नचिन्हं येतात. फॉन्ट जाड घ्या. ५७६ ओळींच्या चित्रात बारीक मात्रा एकाच ओळीची होते आणि जुन्या टीव्हीवर ती लुकलुकते. या पद्धतीत ओळी बंद करता येत नाहीत. वाचता न येणाऱ्या ओळींपेक्षा ते बरं. मेन्यूचंही तसंच: शीर्षक आणि नावं चित्र म्हणून वेगळी तयार करून पार्श्वभूमीला लावा आणि डीव्हीडीस्टायलरची बटणं त्यावर रिकामी चौकट म्हणून ठेवा. कडेपासून दहा टक्के जागा सोडा, टीव्ही कडा कापतो. फाईली आणि फोल्डरची नावं मात्र साध्या रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. देवनागरी नावांवर मधलं एखादं साधन अडकतं आणि एरर भलत्याच गोष्टीचा दाखवतं.

राइट करायला इमेजबर्न. २.५.८.० ही २०१३ ची शेवटची आवृत्ती आहे, विंडोज १० आणि ११ वर नीट चालते. बिल्ड मोडमध्ये व्हिडिओ_टीएस फोल्डर द्या, तो फाईल सिस्टिम आयएसओ ९६६० अधिक यूडीएफ १.०२ करायला विचारतो, 'हो' म्हणा. वेग ८एक्स ठेवा. १६एक्सच्या डिस्कला फार कमी वेग दिला की उलट लिखाण बिघडण्याचीच शक्यता वाढते, '४एक्सवरच करा' हा सल्ला जुन्या डिस्कच्या काळातला आहे. व्हेरिफाय, म्हणजे लिहिलेलं परत वाचून पडताळणं, कधीही बंद करू नका. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि चुका कडेला वाढतात, म्हणून विंडोज दाखवतं त्या मापात ४.३ जीबीच्या पुढे भरू नका. नाहीतर पाठवणीच नेमकी अडकते.

बाहेरून जोडायच्या स्लिम रायटरवर 'पॉवर कॅलिब्रेशन एरिया एरर' (लेसरची ताकद ठरवता आली नाही) आला की लोक डिस्कचा अख्खा डबा बदलून आणतात. आधी केबल बघा. मोटर सुरू होताना रायटरला लागणारा करंट यूएसबी २ च्या ५०० मिलिअँपिअरमध्ये काठावरच बसतो आणि हबमधून आला की कमी पडतो. हब काढून कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला थेट जोडा, किंवा दोन तोंडांची केबल वापरा. त्यानंतरही एरर आला तर डिस्क नाहीतर लेन्स.

डिस्क डीव्हीडी-आर घ्या. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या प्लेअरना डीव्हीडी+आरपेक्षा त्या जास्त मानवतात. ड्युअल लेअर ८.५ जीबीच्या डिस्क घरगुती कामाला नकोत. थर बदलताना जुना प्लेअर अडखळतो आणि किंमतही जास्त. डिस्क बनवणारी नोएडाची मोझर बेअर कंपनी २०१८ मध्ये लिक्विडेशनमध्ये गेल्यापासून ओळखीचा देशी डबा बाजारात उरला नाही. जो मिळेल त्यातल्या दोन डिस्क आधी लिहून, व्हेरिफाय करून, खऱ्या प्लेअरवर बघून मगच बाकीच्या वापरा. वर नाव लिहायला पाण्याच्या शाईचा मार्कर आणि तोही आतल्या पारदर्शक कड्यावर. कागदी लेबल चिकटवू नका, डिस्क एका बाजूला जड होऊन थरथरते. कोकणात पावसाळ्यात प्लास्टिकच्या पाकिटातल्या डिस्कवर बुरशी धरते. कडक डबीत, उभ्या, कपाटात वरच्या खणात ठेवा, खिडकीपासून लांब.

या व्यवस्थेत मला खटकतं ते एवढंच की एफएफएमपेगला खिडकी नाही, सगळं कमांड टाइप करून. दोन टेक्स्ट फाईलींमध्ये पाल आणि एनटीएससीच्या कमांड जपून ठेवल्या की पुढच्या वेळी फक्त फाईलचं नाव बदलावं लागतं. आणि दोन तासांच्या ४के फुटेजला टू-पास लावला तर साधा कॉम्प्युटर रात्रभर चालतो, तेव्हा सकाळी लागणारी डिस्क आदल्या संध्याकाळी हातात घेऊ नका.

डिस्क देण्याआधी प्लेअरवर चार जागा बघा: मेन्यूतून प्रत्येक चॅप्टर उघडतो का, पहिल्या मिनिटाला ओठ आणि आवाज, मध्यावर पुन्हा तेच, आणि शेवटची पाच मिनिटं न पळवता पूर्ण. मूळ एमपी४ मात्र हार्ड डिस्कवरून काढू नका. डीव्हीडी ७२० रुंदीची आहे, त्यातून परत वर जाता येत नाही.