सांचीचं पूर्व तोरण: एका खांबासाठी तासभर राखून ठेवा

सांचीला येणारे बरेच जण मोठ्या स्तूपाला फेरी मारतात, तोरणाखाली, म्हणजे दगडी प्रवेशकमानीखाली, फोटो काढतात आणि पाऊण तासात परत फिरतात. तापसांची शिल्पं बघायची असतील तर पूर्व तोरणातून आत शिरताना डावीकडचा खांब गाठा आणि तिथेच थांबा.

खांबाच्या आतल्या बाजूला उरुवेलच्या काश्यपाची कथा आहे. हा अग्निपूजक तापसांचा प्रमुख, बुद्धाने चमत्कार दाखवून त्याला आपलंसं केलं. एका पटात अग्निशाळा आहे. छपरातल्या खिडक्यांमधून ज्वाळा बाहेर पडतायत, आत रिकामं आसन आणि त्यामागे पाच फण्यांचा नाग. इथे पहिली फसगत होते, कारण लोक बुद्ध शोधत बसतात. या तोरणांवर बुद्धाला माणसाच्या रूपात कोरलेलंच नाही. ते आसन म्हणजेच बुद्ध. एका बाजूला पर्णकुटीपाशी एक तापस चटईवर बसलाय. गुडघ्यांभोवती पट्टा आवळलेला, लांब जटा फेट्यासारख्या डोक्याला गुंडाळलेल्या, जवळच छोटी अग्निवेदी आणि यज्ञाची उपकरणं. दुसरी फसगत म्हणजे यांना बौद्ध भिक्खू समजणं. भिक्खूंचं मुंडन केलेलं असतं. हे अग्निपूजक ‘जटिल’, म्हणजे जटाधारी तापस. आधी डोकं बघा, मग घोटाळा होत नाही.

खालचा पट तर अप्रतिम आहे. लाकूड फोडणाऱ्याने कुऱ्हाड उगारलीय, पण ती खाली येत नाही. बुद्धाने अनुमती दिल्यावरच येते. शेजारी तीच कुऱ्हाड ओंडक्यात रुतलेली. वेदीचंही तसंच: एकीकडे वारा घालूनही अग्नी पेटत नाही, दुसरीकडे ज्वाळा उसळतायत. आणखी एक जण पळीने आहुती देतोय. आधीचं आणि नंतरचं एकाच चौकटीत आहे, हे ध्यानात न घेता बघितलं तर नुसती गर्दी दिसते.

दर्शनी बाजूवर नैरंजना नदीचा पूर आहे. काश्यप शिष्यासह नावेतून बुद्धाला वाचवायला निघालाय. पाण्यावरची सपाट शिळा म्हणजे बुद्धाचा चंक्रम, चालण्याची जागा. खाली तेच तापस काठावर हात जोडून उभे आहेत.

अडचण उजेडाची. आतली बाजू उत्तरेकडे तोंड करून असल्यामुळे हिवाळ्यात तिच्यावर थेट ऊन येत नाही. समोरून फ्लॅश मारला तर उठाव सपाट होऊन जातो. त्यापेक्षा कडेला उभं राहून तिरकं बघा. दर्शनी बाजूला सकाळी उशिरा, ऊन तिरपं झाल्यावर, रेघा उठून दिसतात. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

वेळ उरला तर पश्चिम तोरणावर श्याम जातक, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माची कथा, आहे: आंधळे तापस आईवडील आणि राजाच्या बाणाने पडलेला मुलगा. दक्षिण तोरणावरचा लेखही चुकवू नका. राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचं ते दान आहे. आपल्या सातवाहनांचं नाव इथे वाचताना ऊर भरून येतो.

मुक्काम भोपाळला करा, तिथून सांची साधारण ४५ ते ५० किमी. सांची स्टेशनवर मोजक्याच गाड्या थांबतात. विदिशा सुमारे १० किमीवर आहे, तिथे जास्त गाड्या मिळतात. शुक्रवार टाळा, त्या दिवशी पायथ्याचं संग्रहालय बंद असतं. जर्मनीतल्या मराठी मंडळींसाठी बर्लिनच्या हुम्बोल्ट फोरम या संग्रहालयासमोर २०२२ पासून याच पूर्व तोरणाची दगडी प्रतिकृती उभी आहे.