पॉकेटनंतर वॉलाबॅग: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

पॉकेट ८ जुलै २०२५ रोजी बंद झालं. २००७ साली ‘रीड इट लेटर’ या नावाने सुरू झालेलं आणि २०१७ मध्ये फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने विकत घेतलेलं, लेख नंतर वाचायला साठवून ठेवायचं हे ॲप मी वर्षानुवर्षं वापरत होते. चांगला लेख दिसला, आत्ता वेळ नाही, की बटण दाबायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. ते बंद होणार म्हटल्यावर शोधाशोध केली आणि त्याच कामाच्या वॉलाबॅग या ॲपवर आले. आता त्याला बरेच महिने झालेत. रोज काही ना काही त्यात जातं, रविवारी त्यातून काही ना काही बाहेर पडतं. त्यामुळे पहिल्या आठवड्याच्या उत्साहात लिहिण्यापेक्षा जरा खात्रीने लिहिता येईल.

निवड करताना मी एकच गोष्ट पाहिली. उद्या हेही बंद झालं तर माझ्या हातात काय उरेल? पॉकेटमधून बाहेर पडताना जी सीएसव्ही फाईल (साधी तक्त्यासारखी यादी) मिळाली तिच्यात लेखाचं नाव, लिंक, साठवल्याची वेळ, टॅग आणि वाचला की नाही एवढंच होतं. लेखांचा मजकूर नव्हता. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये ओम्निव्होर हे असंच दुसरं ॲप बंद झालं होतं, तेही चांगलं चालत असताना, त्याची टीम इलेव्हनलॅब्ज या एआय कंपनीकडे गेली म्हणून. वॉलाबॅग मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. एका फ्रेंच प्रोग्रामरने २०१३ मध्ये ते सुरू केलं. लेख साठवला की त्याचा मजकूर वॉलाबॅगमध्ये येऊन बसतो आणि तो ईपब (ई-पुस्तकाचं स्वरूप), सीएसव्ही, जेसन (डेटा साठवायचं स्वरूप) अशा स्वरूपांत कधीही उतरवून घेता येतो. ज्याला जमतं तो स्वतःच्या सर्व्हरवर बसवतो. मला सर्व्हर सांभाळायचा नव्हता, म्हणून त्यांच्याच वॉलाबॅग डॉट आयटी या सेवेची वर्गणी भरली. वर्गणी युरोत असते, तेव्हा कार्डवर परदेशी व्यवहार चालू करून घ्यावे लागतात. बँकेच्या ॲपमध्ये ते आधी तपासा.

पॉकेटची फाईल आत चढवली आणि पहिला धडा तिथेच मिळाला. वॉलाबॅग प्रत्येक लिंकवर नव्याने जाऊन मजकूर आणतं. जी पानं आता अस्तित्वातच नाहीत, त्यांच्या जागी ‘मजकूर मिळवता आला नाही’ अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ येते. माझ्या यादीत अशा ओळी भरपूर निघाल्या, जुन्या मराठी ब्लॉगांच्या तर जास्तच. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संशोधन संस्थेने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत म्हटलं होतं की २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी सापडत नाहीत. तो आकडा वाचला होता, पण स्वतःच्या यादीत नुसती शीर्षकं उरलेली पाहिल्यावर तो खरा वाटला. त्यातली काही पानं इंटरनेट आर्काइव्हच्या, जुन्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये सापडली, ती तिथून पुन्हा साठवली. तेव्हापासून एखादा मराठी लेख खरंच मोलाचा वाटला की वॉलाबॅगमध्ये टाकतेच, शिवाय वेबॅक मशीनच्या ‘सेव्ह पेज नाऊ’मध्येही टाकते. माझी प्रत माझ्यापुरती झाली. तिथली प्रत सगळ्यांसाठी राहते.

रोजचा वापर सोपा आहे. ब्राउझरला एक्स्टेंशन, फोनवर ‘शेअर’ दाबून वॉलाबॅग. जाहिराती, बाजूचे चौकोन, ‘हेही वाचा’ सगळं गाळून नुसता लेख समोर येतो आणि वाचायला अंदाजे किती मिनिटं लागतील तेही दिसतं. मर्यादाही सांगते. जी पानं जावास्क्रिप्टने तुकड्यातुकड्याने उभी राहतात, त्यांतून मजकूर नीट उचलला जात नाही. लॉगिनमागचे लेख अर्धवट येतात. चित्रं मूळ साइटवरूनच दाखवली जातात. स्वतःच्या सर्व्हरवर बसवलं असेल तर चित्रं उतरवून ठेवायची सोय चालू करता येते. आणि युनिकोडच्या आधीच्या काळात खास फॉन्टवर बसवलेली मराठी पानं असतील तर विसराच, मजकूर येतो पण ती अक्षरं वाचता येत नाहीत.

मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो केओरीडर या ई-पुस्तकं वाचायच्या ॲपसोबत. घरात एक जुना अँड्रॉइड टॅब पडून होता, त्यावर केओरीडर टाकलं. त्यात वॉलाबॅगचा प्लगइन असतो. तो जोडणं मात्र किचकट आहे: वॉलाबॅगमध्ये आधी एपीआय क्लायंट (दुसऱ्या ॲपला आपल्या खात्यात येऊ देणारी नोंद) तयार करायचा, मग त्याचा आयडी, सीक्रेट, सर्व्हरचा पत्ता, वापरकर्तानाव आणि पासवर्ड हे सगळं केओरीडरमध्ये भरायचं. एकदा बसलं की मग बघावं लागत नाही. वाय-फाय चालू करून लेख ओढून घ्यायचे, ते ईपब म्हणून टॅबवर येतात. साताऱ्याहून कोयना एक्सप्रेसने पुण्याला जाताना मधल्या घाटात नेटवर्कचा पत्ता नसतो, तेव्हा हे सगळे लेख हाताशी असतात आणि एकही नोटिफिकेशन वाजत नाही. केओरीडरमध्ये आपल्या आवडीचा फॉन्ट टाकता येतो. मी ‘टिरो देवनागरी मराठी’ टाकला आहे, कारण त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. दोन ओळींमधलं अंतरही वाढवलं, नाहीतर वेलांट्या, उकार आणि रफार एकमेकांत घुसतात. दीर्घ मराठी लेख स्क्रीनवर शांतपणे वाचता येतो हे मला या जोडीमुळेच कळलं.

आता टॅगबद्दल, कारण माझ्या मते अशा कुठल्याही ॲपचा खरा निकाल तिथे लागतो. पॉकेटमध्ये माझे टॅग विषयांचे होते: सवयी, एकाग्रता, एआय, उत्पादकता, मानसिक आरोग्य. व्यक्तिमत्त्व विकास आणि तंत्रज्ञान या दोन विषयांवर दररोज इतकं लिहिलं जातं की असे टॅग फुगत जातात आणि उघडावेसे वाटत नाहीत. वॉलाबॅगवर आल्यावर मी टॅग माणसांचे केले. दादा, मावशी, ऑफिस, सोसायटी. लेख साठवतानाच ठरवायचं की हा कोणासाठी आहे. कोणाचंच नाव सुचलं नाही तर लेख बहुतेक वेळा साठवतच नाही. या एका बदलाने वाचण्याची पद्धत पालटली. दुसऱ्याला पाठवायचा लेख आधी आपण नीट वाचावा लागतो. त्यातलं खरं किती, भरताड किती, हे बघावं लागतं. मग सोबत दोन ओळी लिहाव्या लागतात, की तुला हा का पाठवतेय. त्या दोन ओळी लिहिता आल्या नाहीत तर लेखात काही नव्हतं असं समजून मी तो काढून टाकते.

एक उदाहरण देते. माझी मावशी निवृत्त शिक्षिका आहे, सांगलीला असते. डॉक्टरांनी तिला रोज चालायला सांगितलं होतं. पाहुणे आले, पाऊस लागला, दोन दिवस खंड पडला, की ती म्हणायची, “मोडली बाई सवय. आता पुन्हा एकवीस दिवस पहिल्यापासून.” एकवीस दिवसांत सवय लागते हे वाक्य तिने कुठल्याशा लेखात वाचलं होतं. असे लेख माझ्याकडेही साठलेले होते. त्यांतले दोन-तीन शेजारी शेजारी उघडले आणि मुळाशी गेले. एकवीस दिवसांची गोष्ट मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० च्या लिखाणापर्यंत जाते. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात असं त्याचं निरीक्षण होतं. त्यातलं ‘निदान’ पुढे गळून गेलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये ऑनलाइन आला. त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागलेले दिसले, आणि माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. मावशीच्या कामाची गोष्ट पुढेच होती: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नव्हता.

वॉलाबॅगमध्ये लेखातला मजकूर निवडून त्यावर टीप लिहिता येते. ती ओळ निवडून मी तिथे मावशीसाठी मराठीत चार वाक्यं लिहिली. मावशी फोनवर लांब वाचत नाही, डोळे दुखतात तिचे. म्हणून लेखाची मोठ्या अक्षरातली प्रिंट भाच्याकडून झेरॉक्सच्या दुकानातून काढून घेतली आणि माझी चार वाक्यं वर हाताने लिहून पाठवली. पुढच्या वेळी गेले तर तो कागद फ्रीजवर लावलेला होता, खंड पडण्याबद्दलच्या ओळीखाली लाल पेनाने दोन रेघा होत्या. ती चालते आहे. खंड पडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा निघते. शेकडो लेख नुसते साठवून मला जे समाधान कधी मिळालं नाही, ते या एका लेखाने दिलं.

पाठवायचे मार्ग वॉलाबॅगमध्ये दोन आहेत. लेखाची सार्वजनिक लिंक तयार करता येते. ज्याच्याकडे ती आहे त्याला खातं नसतानाही तो साफ केलेला लेख दिसतो, आणि ती लिंक नंतर रद्दही करता येते. मी ही सोय फार जपून वापरते. लेखकाने आपल्या जागी प्रसिद्ध केलेलं आहे, वाचकाने तिथे जाऊन वाचावं हेच योग्य. ग्रुपवर पाठवताना मी मूळ लिंकच पाठवते. मूळ पान जाहिरातींनी वाचण्याजोगं राहिलं नसेल आणि वाचणारा एकच माणूस असेल, तरच सार्वजनिक लिंक.

दुसरा मार्ग आरएसएसचा, म्हणजे नवा लेख आला की आपोआप पुढे पोचवणाऱ्या फीडचा. चांदणी दिलेल्या, म्हणजे आवडते म्हणून खूण केलेल्या, लेखांची फीड मिळते. दादा बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याने माझी ती फीड त्याच्या फीड वाचायच्या ॲपमध्ये जोडून घेतली आहे. मी चांदणी दिली की लेख त्याच्याकडे पोचतो. आमच्यात व्हॉट्सॲपवर लिंकांचा मारा त्यामुळे थांबला, आणि फोनवर बोलणं मात्र वाढलं, कारण दोघांनीही वाचलेलं असतं. या फीडच्या पत्त्यात तुमचं टोकन (गुप्त किल्लीसारखा कोड) असतं, ते जगजाहीर करू नका. चुकीच्या हाती गेलं असं वाटलं तर सेटिंगमध्ये नवं टोकन बनवून घ्या, जुनं चालेनासं होतं.

सोसायटीच्या टॅगमध्ये बहुतेक तंत्रज्ञानाचे आणि सावधगिरीचे लेख जातात. ‘डिजिटल अरेस्ट’च्या फोनबद्दल एक चांगला समजावणारा लेख होता, तो पाठवताना वर मी एवढंच लिहिलं: आपल्या कायद्यात अशी अटकच नाही, फोन ठेवा, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. ज्येष्ठ मंडळींनी लेख वाचला असेल-नसेल, पण ती ओळ बऱ्याच जणांनी पुढे पाठवली.

टॅगिंगचे नियमही लावता येतात. वाचायला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लागणार असेल तर ‘रविवार’ टॅग आपोआप, असा एकच नियम मी ठेवला आहे. जास्त नियमांची गरज पडली नाही.

दुसरे पर्याय मी थोडेफार पाहिले. इन्स्टापेपर २००८ पासून आहे, सगळ्यांत सुटसुटीत, आणि पॉकेट गेल्यावर कोबोने आपल्या ई-रीडरवर त्यालाच घेतलं. तांत्रिक खटपट नको असेल तर बेलाशक ते घ्या. रेनड्रॉप लिंकांचा संग्रह लावून ठेवायला सुंदर आहे, दीर्घ वाचनाला मला तितकं आवडलं नाही. रीडवाइज रीडर टिपा काढणाऱ्यांसाठी फार ताकदीचं आहे, पण महाग. घरी सर्व्हर चालवणाऱ्यांनी काराकीपही बघावं, ते टॅग स्वतः सुचवतं. मला मात्र टॅग स्वतःच द्यायचे आहेत.

वॉलाबॅगचं रूप साधं आहे, काहींना जुनाट वाटेल. पहिल्या दिवशी सेटिंगमध्ये तासभर जातो. त्या बदल्यात लेख तुमच्याकडे राहतात. मी दर महिन्याला सगळं जेसनमध्ये उतरवून हार्ड डिस्कवर ठेवते, दोन मिनिटांचं काम आहे. तुमची पॉकेटची फाईल अजून कुठे पडून असेल तर ती चढवायला उशीर करू नका. लिंका जितक्या जुन्या होतील तितकी जास्त पानं रिकामी येतील. आणि चढवण्याआधी एकदा यादीवरून नजर फिरवून ज्यांच्यापुढे कोणाचं तरी नाव लिहिता येईल तेवढेच लेख ठेवा. मी वर्गणी पुढच्या वर्षासाठी भरली आहे.