रात्री अकरा वाजता लावलेला १४४१६

मी एसटीत कंडक्टर आहे. कॅश भरून घरी यायला रात्रीचे साडेदहा होतात. मुलगी नववीत. दिवाळीनंतर दर सोमवारी सकाळी तिचं पोट दुखायला लागलं, डबा तसाच परत यायचा. सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. शेवटी आमच्या आशाताईंनी टेलि-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासावर फोनवरून सल्ला देणाऱ्या सेवेचा, १४४१६ हा नंबर दिला.

केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला, मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, साध्या मोबाइलवरूनही फोन लागतो. मी अकराला लावला. मराठी निवडलं आणि एक ताई बोलायला आल्या.

त्यांनी मार्कांचं काही विचारलं नाही. म्हणाल्या, "दादा, घरी आल्यावर तिच्याशी पहिलं काय बोलता?" मला उत्तर द्यायला वेळ लागला. कारण बूट काढायच्या आधीच मी विचारतो, "आज किती पडले?" रोज. पोरगी माझी वाट बघत जागी असते आणि मी हे विचारतो.

मग त्या म्हणाल्या, सोमवारी शाळेत काय असतं ते तिला शांतपणे विचारा. विचारलं. शनिवारच्या चाचणीच्या मार्कांप्रमाणे सोमवारी बाकं बदलतात. शेवटच्या बाकावर कोण, हे अख्खा वर्ग बघतो. चार महिने हे चाललं होतं आणि आम्ही तिला ओव्याचं पाणी पाजत होतो.

दुसरा फोन तिनेच केला. मी बाहेर ओट्यावर बसलो. तिची हरकत नाही तेवढंच मला सांगणार, असं ताईंनी आधीच स्पष्ट केलं होतं. बापाला हे जड जातं, पण त्यामुळेच ती मोकळी बोलली असं मला वाटतं. त्रास वाढला तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा, हेही त्यांनी सांगितलं. अजून तशी वेळ आलेली नाही.

नववी-दहावीचं मूल घरात असेल तर हा नंबर फोनमध्ये ठेवाच. मूल बोलत नसेल तर आधी तुम्ही बोला.

फोनने शाळा बदलत नाही, बाकांची यादी अजून लागते. वर्गशिक्षिकांना भेटलो, त्यांना पटलं, पण निर्णय वरचा आहे म्हणाल्या. २० तारखेला पालकसभा आहे. त्या दिवसाची रजा टाकली आहे.