मागच्या चाकातून ऑइल गळतंय: नुसतं सील टाकायचं की बेअरिंगही?

जुन्या अँबेसेडरच्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ऑइलचा ओघळ दिसला की गॅरेजमध्ये दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, "सील टाकून घ्या, बाकी काही नाही." दुसरा म्हणतो, "उघडतोयच तर बेअरिंगही टाकू." दोघांचंही बरोबर असू शकतं. गाडी कशी आहे त्यावर ते ठरतं.

त्याआधी ओघळ कशाचा आहे ते बघा. गिअर ऑइल दाट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल पातळ असतं, पाण्याने धुतलं जातं आणि रंग खातं. ते असेल तर दोष व्हील सिलिंडरचा, हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) हात लावू नका. ॲक्सलच्या हाउसिंगवरचा ब्रीदर (हवा बाहेर जायचं छोटं तोंड) चिखलाने बुजलाय का, तेही तपासा. तो बुजलेला असेल तर आतल्या दाबाने नवं सीलसुद्धा गळतं.

नुसतं सील टाकणं स्वस्त आणि झटपट. पण ते कधी पुरतं? चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) नको, फिरवताना खरखर नको आणि रस्त्यावर वेगाबरोबर वाढणारी घरघर नको. मग जुनं सील काढल्यावर त्याची ओठी (आतली कड) जिथे घासते तिथे नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे, आणि कितीही भारी सील घातलं तरी ते पुन्हा गळणार. तिथे पातळ स्लीव्ह बसवावी लागते किंवा तो भाग बदलावा लागतो.

अँबेसेडरची रचना मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली, त्यामुळे बेअरिंग हबमध्ये बसतं. सीलसाठी हब काढावाच लागतो, म्हणजे निम्म्याहून जास्त मेहनत तिथेच झालेली असते. वरचा खर्च मुख्यतः बेअरिंगचा. ज्या गाड्यांत बेअरिंग ॲक्सल शाफ्टवरच दाबून बसवलेलं असतं, तिथे हिशोब वेगळा. बेअरिंग धरून ठेवणारी कॉलर कापायची, मग प्रेस शोधायचा. गॅरेजमध्ये प्रेस नसेल तर शाफ्ट सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत न्या, पण हातोड्याने ठोकून बेअरिंग चढवू देऊ नका.

माझा कल बेअरिंगकडे आहे, आणि त्याला कारण हब आहे. झिजलेल्या बेअरिंगची बाहेरची रिंग हबमध्ये फिरायला लागली की हबचं भोकच मोठं होतं. बेअरिंग त्यावरच्या नंबरवरून दुकानात मिळतं, सील मापावरून मिळतं; पण अँबेसेडरचं उत्पादन २०१४ मध्येच थांबलंय, चांगला हब शोधत फिरावं लागतं.

बाहेरून गळती थांबवतानाही बेअरिंग असंच हबमध्ये सैल पडतं. शाफ्टच्या फ्लँजखाली (टोकाच्या चकतीखाली) एकावर एक दोन कागदी पॅकिंग घालतात. या रचनेत बेअरिंगचा स्पेसर (त्याला लागून बसणारी रिंग) हबच्या तोंडाबाहेर, पॅकिंग धरून, १ ते ४ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) राहायला हवा, तरच फ्लँज त्याला आवळून धरतो. दुसरं पॅकिंग घातलं की गळती थांबल्यासारखी वाटते आणि बेअरिंग मोकळं सुटतं.

सांगली-कोल्हापूरच्या २०१९ किंवा २०२१ च्या पुरात गाडी पाण्यात उभी होती आणि तेव्हापासून ॲक्सल उघडलाच नसेल, तर सील की बेअरिंग हा प्रश्नच उरत नाही. ऑइल दुधाळ, म्हणजे पाणी मिसळलेलं निघालं तर दोन्ही बाजूंची बेअरिंगं बदला.

कोणताही मार्ग घ्या, ऑइल प्यायलेले ब्रेक लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवू नका. ते दोन्ही चाकांचे जोडीनेच बदला. नाहीतर आंबा घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा. हबचा नट छिन्नीने फिरवू देऊ नका, आणि जोर लावण्याआधी आटे उलटे नाहीत ना ते बघा.

काम झाल्यावर गाडी सपाट जागेवर उभी करून फिलर प्लगच्या भोकापर्यंतच ऑइल भरा. नंतर कोल्हापूरपर्यंत चालवून या आणि दोन्ही ड्रमजवळ हात नेऊन बघा. एक बाजू दुसरीपेक्षा बरीच गरम लागली तर गाडी तशीच गॅरेजला न्या.