फॅमिलीसर्च आठ महिने वापरल्यावर: आमचे वैद्य 'वायडिया' म्हणून सापडले

आठ महिने झाले फॅमिलीसर्च ही पूर्वजांच्या जुन्या नोंदी शोधायची वेबसाइट वापरतेय. अकाउंट फुकट आहे, म्हणून आधी तेच उघडलं. आमच्या घरात एवढंच माहीत होतं की पणजोबांचे धाकटे भाऊ गोविंद वैद्य गिरगावातून लंडनला डॉक्टरी शिकायला गेले आणि परत आल्यावर लवकरच वारले. फोटो नाही, पत्र नाही.

इथल्या जनगणनेत शोधायचा प्रश्नच नव्हता. मुंबईची शिरगणती १८६४ ला झाली, देशभर एकाच वेळी १८८१ ला झाली, पण आपल्याला बघायला मिळतात ते आकड्यांचे तक्ते, घराघरातली नावं नाहीत, आणि १९४८ च्या कायद्याने ती माहिती गोपनीयच ठेवलीय. इंग्लंडमध्ये साधारण शंभर वर्षांनी नावानिशी सगळं खुलं होतं, म्हणून मी १९११ ची जनगणना धरली.

पहिले तीन महिने नुसतं आडनाव टाकत बसले. व्ही ए आय डी वाय ए, मग शेवटचा ए काढून, मग बी लावून. साइट मिळतीजुळती नावं स्वतःहून दाखवते, पण आपलं माणूस काही येईना. मग साउंडेक्सबद्दल वाचलं. ही नावं उच्चारावरून जुळवायची जुनी पद्धत, त्यात पहिलं अक्षर तसंच राहतं आणि पुढच्या व्यंजनांचे आकडे होतात, म्हणजे व्ही आणि डब्ल्यू पहिल्याच पायरीवर वेगळे पडतात. आणि आपला 'व' इंग्रजांच्या कानाला कधी व्ही लागतो, कधी डब्ल्यू!

त्या रात्री आडनावाचा रकाना रिकामाच ठेवला. नावात जी ओ व्ही आणि पुढे फुली (*, म्हणजे पुढची अक्षरं काहीही चालतील), जन्मस्थळ बॉम्बे, जन्मसाल १८८४ ते १८८८, राहण्याचं ठिकाण लंडन. नुसतं बॉम्बे टाकलं तर तिथे जन्मलेली इंग्रजांची मुलं ढिगाने येतात, नावाने ती गळली. चौथ्या ओळीत डब्ल्यू वाय डी आय ए, वय २५, बोर्डर (म्हणजे पैसे देऊन दुसऱ्याच्या घरी राहणारा), मेडिकल स्टुडंट. मला रडूच आलं.

१९११ चा फॉर्म घरच्या कर्त्या माणसाने स्वतः भरायचा होता आणि ते मूळ कागद जपलेत (त्याआधीच्या जनगणनांत बहुतेक ठिकाणी गणकाने वहीत उतरवलेलंच मिळतं). म्हणजे घरमालकीणबाईंनी त्यांना जसं ऐकू आलं तसं लिहिलं. मूळ पानाचा फोटो बघायला मात्र एका पेड साइटचं सबस्क्रिप्शन घ्यावं लागलं, आणि तिथे ऑटो-रिन्यूअल बंद करूनही पुढच्या महिन्याचे पैसे कापले, ते परत मिळवायला पाच ईमेल गेले. तेव्हा कार्ड देताना सांभाळा. पण पान बघाच, कारण इंडेक्स करणारा, म्हणजे शोधासाठी नावं उतरवून घेणारा, हस्ताक्षर चुकीचं वाचतो ते तिथेच कळतं.

इंग्लंडची १९३१ ची जनगणना १९४२ च्या आगीत जळाली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही, त्यामुळे त्या काळात तिकडे असलेल्या माणसांसाठी हा रस्ता १९२१ ला थांबतो.

प्रिंट घेऊन आत्याकडे गेले. तिने चष्मा लावून ती ओळ तीनदा वाचली आणि म्हणाली, "अगं, नाशकात उपाध्यायांच्या वहीत ह्यांचं नाव असेल बघ, आजोबा दरवेळी लिहून यायचे." ती वही मोडीत असणार, आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे नसतात, तेव्हा आडनाव पुन्हा कानानेच ओळखायचंय. मोडी वाचणारे एक ओळखीचे काका तयार झालेत, दिवाळीनंतर निघतोय.