हार्डनेस टेस्ट किट: टीडीएस मीटर ड्रॉवरमध्ये गेलं, आता थेंब मोजते

आधीच सांगून टाकते, मी काही केमिस्ट्रीवाली नाही, बारावीच्या प्रॅक्टिकलला ब्युरेट फोडून वर सरांची बोलणी खाल्लेली मुलगी आहे. त्यामुळे हा रिव्ह्यू एका घरात वापरणाऱ्या बाईचा आहे असं समजूनच वाचा.

राहायला आम्ही वाघोलीत. सोसायटीची टाकी बोअर आणि टँकरवर भरते. इथं राहायला आल्यापासून तीन वर्षांत गीझरची दोन एलिमेंट गेली, शॉवरची भोकं दर महिन्याला टाचणीने उकरायची, काळे नळ पांढरे झाले आणि तूरडाळ... तूरडाळीचं दुःख वेगळंच. माहेरी सदाशिव पेठेत तीन शिट्ट्यांत मेण होणारी तीच डाळ, त्याच दुकानातली, इथं सहा शिट्ट्या दिल्या तरी कणीदार. सासूबाई पहिल्यांदा राहायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "अगं, डाळ भिजवली नव्हतीस का?" म्हटलं आई, दोन तास भिजवलीये, पाणी जड आहे इथलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की सुनेने नवा बहाणा शोधलाय.

तर झालं काय, सोसायटीच्या ग्रुपवर पाण्यावरून रोजची भांडणं, आणि प्रत्येकाच्या हातात एक टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून किती, तो आकडा दाखवणारा). कुणी ६८० चा फोटो टाकतंय, कुणी ७१०. त्यात एक फिल्टर विकणारा येऊन गेला, त्याने आमच्या पाण्यात आणि आरओच्या पाण्यात दोन-दोन दांड्या बुडवून करंट सोडला, आमचं पाणी मिनिटात तपकिरी गाळ, अख्ख्या बी विंगच्या तोंडचं पाणी पळालं. नंतर कळलं की तो गाळ पाण्यातला नव्हताच, दांडीचं लोखंड विरघळून तयार झाला होता, आणि आरओच्या पाण्यातून करंट नीट जातच नाही म्हणून ते स्वच्छ दिसतं. असो, बी विंगमधल्या एका काकांनी तोवर त्याच्या फिल्टरचं बुकिंग केलं होतं.

या सगळ्याला वैतागून मी ऑनलाइन हे थेंबांचं किट मागवलं, पाणी किती जड आहे, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती, ते मोजणारं. चारशेच्या आसपास पडलं. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही कारण बऱ्याच जणांच्या किटमध्ये आत मसाला साधारण एकच असतो. एक छोटी टेस्ट ट्यूब, एक बफरची बाटली (झाकण उघडलं की अमोनियाचा असा भपका येतो की झोप उडते), एक इंडिकेटरची पावडर आणि मोठी बाटली ईडीटीएची (कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडणारं रसायन). ट्यूबमध्ये खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, बफरचे थेंब टाकायचे, चिमूटभर पावडर, की पाणी कोकम सरबतासारखं लाल होतं. मग ईडीटीए एकेक थेंब टाकत, हलवत मोजायचं. शेवटी लाल जाऊन जांभळं होतं आणि मग एका थेंबाला एकदम निळं. माझ्या किटला एक थेंब म्हणजे २५ पीपीएम (लिटरमागे मिलीग्रॅम), तुमच्या डब्यावर वेगळा आकडा असू शकतो, तो बघून गुणा.

पहिली टेस्ट घरचा नळ. मी आपली मोजतेय, दहा झाले, बारा झाले, लालच. मुलगा शेजारी उभा राहून क्रिकेटचा स्कोअर सांगतात तसं ओरडतोय. अठराव्या थेंबाला निळं झालं. म्हणजे ४५०. भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) पिण्याच्या पाण्याच्या नियमात (आयएस १०५००) २०० पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं आहे, म्हणजे आम्ही 'चालवून घ्या'वाले. पिण्याच्या दृष्टीने जड पाणी म्हणजे काही विष नव्हे हेही सांगते, उगाच घाबरू नका, ते त्रास देतं ते गीझरला, साबणाला नि डाळीला. डाळीचं कारण मला नंतर कळलं, पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला धरून बसतं, मग दाणा फुटतच नाही. सासूबाईंना हे फोन करून सांगितलं. "बरं," एवढंच म्हणाल्या.

मग मला नादच लागला. पर्समध्ये किट. माहेरी गेले, आईच्या नळाचं पाणी घेतलं, लाल केलं, एक थेंब, दोन थेंब, निळं. मला वाटलं किट बिघडलं, परत केलं, परत दोन. वीस किलोमीटर पण नाही अंतर, आणि तिकडे १८ इकडे २! चिंचवडला भावाकडे, पवनेचं पाणी, तिथेही दोन. दादरला आत्याकडे गेले तेव्हा तर आत्या म्हणाली, "पाण्याची पण कुंडली बघतेस का गं?" तिथं दुसऱ्या थेंबाला निळं. मुंबईचं भातसा-वैतरणा-तानसाचं पाणी काय किंवा पुण्याचं पानशेत-वरसगाव-खडकवासल्याचं काय, सगळं सह्याद्रीवर पडलेलं पावसाचं पाणी, डोंगरावरून पळत येऊन धरणात बसतं. खडकाशी त्याची धड ओळखच होत नाही. आमच्या बोअरचं पाणी मात्र मातीतून कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली उतरतं, थोडं आंबट होतं आणि काळ्या कातळाच्या फटींत मुक्कामाला राहतं, तिथलं कॅल्शियम-मॅग्नेशियम हळूहळू उचलत. कातळ दोन्हीकडे तोच, दख्खनचा बेसॉल्ट, फरक फक्त मुक्कामाचा.

आणि गंमत बघा, वाघोलीच्या दगडखाणी जगात कशासाठी माहितीयेत तर कॅव्हन्साइट नावाच्या निळ्याभोर स्फटिकासाठी, खनिजं जमवणारे लोक त्याच्यासाठी वेडे होतात. नावच कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांच्यावरून पाडलेलं. पाणी जड त्याच्यामुळे होत नाही हां, तो सापडतो अगदी थोडा, पण याच दगडाच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची खनिजंही भरलेली असतात, आणि पूर्वी पाणी मऊ करायला झिओलाइटच वापरायचे! म्हणजे रोग आणि औषध एकाच खाणीत.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी मी या किटला एवढे मार्क देतेय. आमच्या सोसायटीत सॉफ्टनर प्लांट आहे, दोन वर्षांपूर्वी सगळ्यांनी वर्गणी काढून बसवलेला. लोकांची तक्रार की प्लांट भंगार आहे, कारण प्लांटच्या आधी टीडीएस ७००, नंतरही ७०० च. चेअरमन वैतागलेले, प्लांटवाल्याचं पेमेंट अडवलेलं. पण सॉफ्टनर टीडीएस कमी करतच नाही हो! त्यातलं रेझिन (बारीक प्लास्टिकसारखे मणी) कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. पाण्यात विरघळलेलं एकूण तेवढंच राहतं, नुसती माणसं बदलतात. मीटर मोजतो गर्दी, कोण उभं आहे ते नाही. समुद्राकाठच्या विहिरीत टीडीएस भरपूर निघाला तर त्यातलं बरंचसं मीठ असू शकतं, म्हणजे टीडीएस बघून गीझरचं भविष्य सांगता येत नाही.

मग एका रविवारी चेअरमन काका, सेक्रेटरी, दोन-तीन हौशी आणि मी, सगळे पंप रूममध्ये. प्लांटच्या आधीचं पाणी, १८ थेंब. नंतरचं पाणी, परत १८. सगळे म्हणाले बघा, भंगार. मला पण क्षणभर तसंच वाटलं. तेवढ्यात मिठाच्या टाकीचं झाकण उघडलं तर आत मीठ नाही, तळाला कोरडा पांढरा कट आणि एक मेलेलं झुरळ. रेझिन भरलं की त्याला मिठाच्या पाण्याने धुऊन परत ताजं करावं लागतं, आणि ते काम ज्या वॉचमनला शिकवलं होतं तो दिवाळीतच गावी गेला तो आलाच नाही, नव्याला कुणी सांगितलंच नाही. चार महिने तो प्लांट म्हणजे नुसता पाइप होता! गोणीभर मीठ आणलं, रिजनरेशन केलं, दुपारी परत ट्यूब भरली. बफर टाकला, पावडर टाकली, आणि ईडीटीएचा थेंब पडायच्या आधीच पाणी निळं. काकांनी चष्मा काढून पुसून परत बघितलं. टीडीएस मीटर तेव्हाही ७०० च्या वरच दाखवत होता.

प्लांटवाल्याचं पेमेंट त्याच आठवड्यात गेलं, आणि मिठाचं वेळापत्रक आता पंप रूमच्या दारावर चिकटवलंय.

पिण्यासाठी मात्र आम्ही सॉफ्टनरचं पाणी घेत नाही, त्यात सोडियम वाढतं, सासऱ्यांना बीपी आहे, तिथं आरओ लागतोच. पण पेठेतल्या माझ्या वहिनीने पण आरओ लावलाय, दोन थेंबांच्या पाण्याला! अर्धं पाणी गटारात. राष्ट्रीय हरित लवादानं (एनजीटी) २०१९ मध्ये टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथं आरओ नको असं म्हटलेलं, तो निकाल मी तिला पाठवला, तिने अंगठा दाखवला, मशीन चालूच आहे.

एक प्रयोग घरी करून बघा. बोअरचं पाणी दहा मिनिटं उकळलं, गार केलं, फडक्यातून गाळलं आणि परत मोजलं. अठराचे दहा झाले. किटलीच्या तळाला जो पांढरा पापुद्रा धरतो ना, गेलेले आठ थेंब तेच. उरलेले दहा उकळून जात नाहीत. आणि तुरटीने पण जात नाहीत, तुरटीने गढूळपणा बसतो फक्त, आमच्या मजल्यावरच्या आजी टाकीत तुरटी फिरवत बसतात त्यांना हे सांगायची माझी अजून हिंमत झाली नाही. ऋतूचाही फरक पडतो, मे महिन्यात १८ होते ते ऑगस्टमध्ये १३ वर आले, पाऊस मुरल्यावर.

आता कटकटी. पत्रक फक्त इंग्रजीत आणि अक्षर मुंगीएवढं. ईडीटीएच्या बाटलीचं नाक ढिलं, तिरकी धरली तर थेंब लहान-मोठे पडतात आणि हिशोब चुकतो, बाटली एकदम सरळ उभी धरायची. ट्यूबलाइटखाली जांभळं की निळं कळत नाही, खिडकीशी पांढरा कागद मागे धरून बघा. शेवटच्या दोन-तीन थेंबांना घाई करू नका, रंग सावकाश बदलतो, मी सुरुवातीला घाईत एक-दोन जास्तच टाकायचे. जड पाणी असेल तर बाटली भराभर संपते, तेव्हा अर्धंच पाणी घ्या आणि मोजलेल्या थेंबांचा आकडा दुप्पट धरा. आणि इंडिकेटर पावडरचा असलेलाच घ्या, पातळवाला लवकर खराब होतो. मुलांच्या हाताला लागू देऊ नका अर्थातच.

पाचपैकी चार. एक कापला तो त्या ढिल्या नाकाचा.

परवा टँकर आला तेव्हा मी खालीच होते. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, धरणाचं गोडं पाणी आणलंय, एकदम." मी पर्समधून ट्यूब काढली. तो पण उतरून बघायला आला, मोबाइल खिशात टाकून. चार, पाच... सात, आठ... अकराला निळं झालं. दोघंही जरा वेळ त्या ट्यूबकडे बघत राहिलो. "ताई," तो म्हणाला, "आमच्या गावाकडचं पण बघता का, पुढच्या खेपेला बाटली आणतो."