फेरिटिन की एचपीएलसी?

डिचोलीच्या भाचीने रिपोर्ट पाठवला: हिमोग्लोबिन 10.8, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) 66. आता फेरिटिन करू की एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी चाचणी), हा तिचा प्रश्न. लाल पेशी लहान पडण्याची नेहमीची दोन कारणं म्हणजे लोहाची कमतरता आणि थॅलसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचं वाहकत्व, म्हणून दोन्ही चाचण्या समोर ठेवून पाहू.

फेरिटिन शरीरातला लोहाचा साठा दाखवतं. 15 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली आलं तर लोहाच्या कमतरतेबद्दल शंकाच नको. मात्र ताप किंवा सूज असली की ते वाढतं आणि कमतरता झाकली जाते. गोळ्यांनी साठा भरला का, हे बघायला ते पुन्हा करावं लागतं.

एचपीएलसी सहसा महाग, पण बहुधा आयुष्यात एकदाच. हिमोग्लोबिनचा ए-टू हा प्रकार 3.5 टक्क्यांच्या वर गेला की बीटा थॅलसेमियाचं वाहकत्व धरतात. लोह फार कमी असेल तर ए-टूही थोडं खाली दिसतं. नुकतं रक्त चढवलं असेल तर रिपोर्टवर भरवसा नको. थॅलसेमियाचा अल्फा प्रकार यात बहुतेक नजरेतून सुटतो.

तिच्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) लाल पेशी दर मायक्रोलिटरला 5.4 दशलक्ष होत्या. एमसीव्हीला या संख्येने भागायचं: 66 भागिले 5.4, म्हणजे साधारण 12. तेराच्या खालचा आकडा थॅलसेमियाकडे बोट दाखवतो. तो इशारा, निदान नव्हे.

पाळीत रक्तस्राव जास्त, लाल पेशीही कमी, तर आधी फेरिटिन. गोळ्या नीट घेऊनही एमसीव्ही हलत नसेल, किंवा तिच्यासारखं लग्न ठरलं असेल, तर एचपीएलसी टाळू नका. नवरा-बायको दोघंही बीटा थॅलसेमियाचे वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर आजाराची शक्यता 25 टक्के असते.